अडीच तासांची सडक

कोरेला वेल्स,
२ सप्टेंबर २००६

सडकेवरच्या माझ्या माणसांनो,

अ‍ॅलिस स्प्रिंग्जपासून वर डार्विनपर्यंत ज्यांचं घर, धंदा, गुरं आणि म्हातारपण या एकाच डांबरी पट्टीला टांगलेलं आहे, त्या सगळ्यांना मी हे लिहितो आहे. डार्विनमधल्या गारेगार सरकारी खोल्यांत बसून काही मंडळी ठरवताहेत, की यापुढे आपण किती वेगाने जायचं. घरून कचेरीत जायला ज्यांना तीन सिग्नल पुरतात, ते आता आपल्याला सडक शिकवणार! डॉक्टर मागितला तेव्हा त्यांना आपली आठवण झाली नाही. शाळेला शिक्षक मागितला, वर्ष उलटलं, तेव्हाही झाली नाही. आता झाली आहे, आणि ती आपल्या उजव्या पायाची.

गाव संपलं की एक पांढरी गोल पाटी लागते. तिच्यावर आकडा नसतो, नुसती एक काळी तिरकी रेघ. परगावचा माणूस ती वाचतो, 'वाटेल तसं पळ.' आपण वाचतो, 'इथून पुढे तुझी अक्कल.' राजांच्या हातून सनदा हिसकावून घेताना माणसांच्या पिढ्या खपल्या. आपल्याला ती सनद पत्र्याच्या एका पाटीवर आयती मिळाली आहे. ती पुसून तिथे 'एकशे तीस' रंगवायचं घाटतं आहे. आज आकडा वेगाचा आहे. उद्या तो तुमच्या चहातल्या साखरेचा असेल.

शनिवारी, २१ ऑक्टोबरला, माझ्या धाब्यावर सभा आहे. या.

क्लेम ट्रेंबाथ

ता. क. लॉर्ना, हे छापायला द्यायचं आहे. तू आयुष्यभर वाचनालयात लोकांच्या चुका काढल्यास, ह्यातल्याही काढ. सनदेचा परिच्छेद मात्र सोड, तो जमला आहे. फोन करू नकोस, धाब्याच्या बारमध्ये काही ऐकू येत नाही.


कडायना,
११ सप्टेंबर

क्लेम,

चुका काढून पाठवते आहे. 'अक्कल' हा शब्द तुझ्या आजवरच्या पत्रकांत इतक्या वेळा आला आहे, की वाचणाऱ्याला संशय यावा. ह्यात एकच आहे, तो ठेवलाय.

आता बहीण म्हणून. अरे, वेगाचा हा सेनापती गेल्या ख्रिसमसला मला अ‍ॅलिसहून घेऊन येत होता, तेव्हा गाडीमागे कॅराव्हॅन ओढणारं एक म्हातारं जोडपं आपल्याला मागे टाकून गेलं. त्या बाईने खिडकीतून हात हलवला, मला वाटतं दयेने. तुझ्या पिकअपचा काटा पंच्याऐंशीला चिकटला होता. मी म्हटलं, "काटा बिघडलाय का?" तर तू म्हणालास, "गप बस, सावल्या लांब झाल्या की गुरं डांबरावर येतात." हेच पत्रकात लिही ना! का टाळ्या कमी होतील?

बातमी अशी, की ज्या शाळेसाठी तू बोंब मारतोस तिथे शिक्षिका मिळाली आहे. आपली टीगन. नोकरीचा कागद हातात पडला तशी ती उड्या मारत सुटली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला इथे दक्षिणेतल्या अ‍ॅडलेडहून एकटी गाडी चालवत येणार आहे. मी काही सांगायला लागले की म्हणते, "आई, तू घाबरट आहेस. क्लेममामा बघ, सगळ्या सरकारशी भांडतोय." तुझी पत्रकं तिने खोलीत लावली आहेत.

म्हणून तुझ्याकडे एकच मागते. तिला एक ओळ लिही. 'टीगन, नव्वदने ये.' माझं नाही ऐकणार, तुझं ऐकेल. माझं एकच लेकरू आहे रे.

लॉर्ना


कोरेला वेल्स,
१७ सप्टेंबर

लॉर्ना,

टीगन येणार हे वाचून डॉटने स्वयंपाकघरात नाच केला. डॉट गेली वीस वर्षं माझ्या धाब्याचा स्वयंपाक आणि माझा उद्धार दोन्ही करते आहे. शाळेशेजारची खोली धुऊन काढायला ती आजच गेली.

पण तू मागतेस ते कसं देऊ? 'सभेचा अध्यक्ष घरच्यांना नव्वद सांगतो!' हा कागद उद्या कुणाच्या हाती पडला तर डार्विनवाले तो चौकटीत छापतील. माणसाचं तत्त्व एकतर भाचीलाही लागू पडतं, नाहीतर ते तत्त्व नसतं. तिला अक्कल आहे, ती वापरू दे.

तू इथल्या बोलण्याला घाबरतेस. ते बोलणं समजून घे. काल मेलबर्नकडचा एक पेन्शनर बारमध्ये आला आणि त्याने विचारलं, "काय हो, इथून अ‍ॅलिस किती लांब?"

तिथे व्हिन्स पास्को होता. ट्रकमागे तीन डबे जोडून रोडट्रेन ओढतो, देवमाणूस. ग्लास न ठेवता म्हणाला, "दोन तास."

डॉट आतून ओरडली, "व्हिन्स, गेल्या खेपेला तू दुपारच्या जेवणाला येतो म्हणालास आणि उगवलास रात्रीच्या! कालवण दोनदा गरम केलं मी!"

"वारा तोंडावर होता, डॉट."

"तुझ्याच तोंडाचा वारा असेल तो."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मला अडीच लागतात. वय झालं." काय हशा पिकला!

आता ह्यात खोटं काय आहे? इथे आम्ही मैल, किलोमीटर काही बोलत नाही, तास बोलतो. आणि बारमध्ये कुणी खरा तास सांगत नाही. सांगितला तर 'ह्याला आता चष्मा द्या' म्हणतात. ऐकणाऱ्याने मनातल्या मनात दुप्पट करायचं असतं. कोळ्याच्या माशाचं जसं अर्धं करायचं असतं, तसं. इथे जन्मलेल्या पोरालाही हे शिकवावं लागत नाही.

तुझा,
क्लेम


अ‍ॅडलेड,
२२ सप्टेंबर

प्रिय क्लेममामा,

आईने माझ्याबद्दल काय काय लिहिलं असेल ते मला ठाऊक आहे. तिला वाटतं मी पाटी दिसली की गाडी उडवणार. तसं काही नाही. इथे एकशे दहाची मर्यादा आहे, माझा पाय तेवढ्याला सरावलेला आहे, आणि तुमच्या सडकेवर गेले म्हणून तो लांब होणार नाही. अक्कल वापर असं तुम्हीच लिहिता ना? वापरते आहे.

आईला मी एक शब्द दिला आहे, सूर्य मावळल्यावर गाडी चालवायची नाही. गुरं सडकेवर येतात म्हणे, कुंपणं नसतात. तो शब्द मी पाळणार. म्हणून एवढंच विचारते. अ‍ॅलिसला मला शिक्षण खात्याच्या कचेरीत कागद घ्यायचे आहेत, त्यात दुपार होणार. माझ्या नकाशात कोरेला वेल्स नाहीच. आईला विचारलं तर म्हणते, "अ‍ॅलिसच्या वर कुठेतरी." अ‍ॅलिसहून तुमच्याकडे यायला किती तास लागतात? त्यावरून मी निघायचं की मुक्काम करायचा ते ठरवेन.

मुलं किती आहेत शाळेत? मी रंगीत खडू भरपूर घेतलेत.

तुमची,
टीगन


कोरेला वेल्स,
२७ सप्टेंबर

प्रिय टीगन,

तुझं पत्र मी बारमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. 'माझा पाय लांब होणार नाही' ह्याला टाळ्या पडल्या. व्हिन्स म्हणाला, "ही पोरगी सभेत बोलली पाहिजे."

मुलं चौदा आहेत, त्यातली अर्धी घोड्यावर बसतात तशी बाकावर बसतात. तू त्यांना सरळ कर.

अ‍ॅलिसहून आम्ही अडीच तासांवर आहोत. (व्हिन्स माझ्या खांद्यावरून वाचतो आहे आणि म्हणतो, दोन लिही. मी प्रामाणिक माणूस आहे, अडीचच लिहितो.) सडक सरळ आहे, चुकायला जागा नाही. घाई करू नकोस, वाटेत थांबून चहा पी. पोचलीस की डॉटच्या हातची मटणाची तंगडी आणि माझं भाषण, दोन्ही गरम मिळेल.

तुझा मामा,
क्लेम


कडायना,
२ ऑक्टोबर

क्लेम,

टीगन आज निघाली. काल तिने फोनवर तुझ्या पत्रातलं एक वाक्य वाचून दाखवलं, 'घाई करू नकोस, वाटेत थांबून चहा पी.' मी रिसीव्हर ठेवला आणि रडले. सरळ 'नव्वदने ये' लिहायला तुला तत्त्व आडवं आलं, पण चहाच्या आडून का होईना, लिहिलंस. तुला मी उगाच बोलले. तू सभेत काय वाट्टेल ते बोल, मी व्याकरण तपासून देईन.

पोचली की मला कळव.

लॉर्ना


अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, इस्पितळ,
९ ऑक्टोबर

क्लेम,

फोनवर आपण दोघं नुसते रडलो आणि ओरडलो. आता ती झोपली आहे, म्हणून लिहिते. खुब्यात आणि डाव्या मांडीत सळ्या घातल्या आहेत. डॉक्टर म्हणतात, ती चालेल. 'कशी' असं विचारलं की ते तिच्या तक्त्याकडे बघतात.

तू फोनवर म्हणालास, "एवढ्या जोरात कशाला आली?" ऐक. तिने मला सगळं सांगितलं, तुला जसंच्या तसं सांगते.

ती दुपारी तीनला इथून निघाली. अडीच तास, म्हणजे साडेपाच. सूर्य त्याच्यानंतर तासाभराने मावळतो. मधला तास तिने चहासाठी ठेवला, तू सांगितलास म्हणून. एकशे दहाने चालली होती. साडेपाच वाजले, तुझा धाबा नाही. पाट्यांवर पुढच्या टेनंट क्रीकचं नाव होतं, कोरेला वेल्स नव्हतं. एका पंपावर थांबून तिने विचारलं. तिथला माणूस म्हणाला, "अगं, आलंच की! अर्धा तास." ती खुशीत निघाली. अर्धा तास झाला. सूर्य बुडायला आला. क्लेम, तोपर्यंत माझी मुलगी एकदाही वेड्यासारखी चालली नव्हती. तिने मला दिलेला शब्द होता, उजेडात पोचायचं. तो पाळायला म्हणून तिने पाय दाबला. मागे फिरावं तर तेही लांब, आणि पुढे तर, सगळे म्हणत होते, आलंच. काटा दीडशेला गेला तेव्हा सूर्य डावीकडून डोळ्यांत येत होता आणि बैल सडकेवर.

तिला तिथे पाहिलं कुणी? तुझ्या व्हिन्सने. दोन तासवाल्याने. तो मागून येत होता ऐंशीने. डॉक्टर येईपर्यंत तो तिच्याशेजारी डांबरावर बसून होता. तिने त्याला विचारलं, "आलंच ना आता?" तो म्हणाला, "हो पोरी, हे काय, आलंच." काल इथे येऊन हे मला सांगताना तो एवढा मोठा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिथून अजून चाळीस किलोमीटर होते.

आणि मी? मी त्या सडकेवरून तुझ्या शेजारी बसून गेले होते. पाच तास लागले होते आपल्याला, मधे दोनदा थांबून. मला माहीत होतं. गाव कुठे ते तिने विचारलं, तास मला कुणी विचारलेच नाहीत, कारण मी घाबरट.

लॉर्ना


कोरेला वेल्स,
१३ ऑक्टोबर

लॉर्ना,

तुझं पत्र व्हिन्सने आणून दिलं. गेले आठ दिवस बारमध्ये माणसं येतात, पितात, पेला ठेवतात, जातात.

मी तुला आधी एक पत्र लिहिलं होतं, ते पोस्टात टाकलं नाही. त्यात मी गुरांच्या मालकांना शिव्या दिल्या होत्या की कुंपण का घालत नाहीत, सरकारला दिल्या होत्या की आमच्या गावाचं नाव पाटीवर का नाही, त्या पंपावरच्या माणसालाही दिल्या होत्या. फार चांगलं उतरलं होतं. डॉटला वाचून दाखवलं. ती कांदा चिरत होती. म्हणाली, "छान आहे. फक्त ह्यात तुम्ही कुठे आहात?"

मग परवा मी टीगनला भेटायला निघालो. डॉटने फळांचा केक दिला होता. इस्पितळात भेटायची वेळ चारपर्यंत असते. मी दाढी केली, सदरा बदलला, सभेचे चार कागद चाळले, आणि बाराला पिकअप बाहेर काढली. मनात म्हटलं, अडीच तास, भरपूर वेळ आहे.

लॉर्ना, मी मनातही अडीचच धरले होते! ह्या सडकेवर माझं आयुष्य गेलं. दर वेळी पाच तास लागतात. पंच्याऐंशीच्या वर मी जात नाही, कारण मला बैल माहीत आहेत. आणि तरी घड्याळाकडे बघून मी जे धरलं ते बारमधलं.

पोचलो तेव्हा पाच वाजले होते. दारातली नर्स चांगली होती, पण नियमाची, आत सोडलं नाही. म्हणाली, "आजोबा, कुठून आलात?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग लवकर निघायचं नाही का? ती सडक पाच तासांची आहे." त्या नर्सला तिथे येऊन तीनच महिने झालेत. मी केक तिच्या हातात दिला आणि गाडीत बसून राहिलो.

सभा रद्द करावी असं वाटतं.

क्लेम


अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, इस्पितळ,
१६ ऑक्टोबर

क्लेममामा,

केक मिळाला. आईने आणि नर्सने निम्मा संपवला.

आईला लिहिलेलं तुमचं पत्र मी वाचलं. ती नको म्हणत होती. सभा रद्द करू नका. तुम्हाला नको असलेली ती एकशे तीसची पाटी असती तरी मी साडेपाचला पोचले नसते, हे मला इथे पडून कळलं. मला पाटीने नाही फसवलं.

शाळा कोण चालवणार ते मला माहीत नाही. डॉक्टर म्हणतात नवीन वर्षी बघू. मुलांना सांगा, खडू गाडीच्या मागच्या पेटीत आहेत, ते फुटले नसावेत.

मी मागे तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. तो परत विचारते. सगळ्यांसमोर उत्तर द्या, बारमध्ये माझं पत्र वाचलंत तसं. अ‍ॅलिसहून तुमच्याकडे यायला किती तास लागतात?

भाषण नको.

टीगन


कोरेला वेल्स,
२१ ऑक्टोबर २००६
(सभेत वाचण्यासाठी. प्रत लॉर्ना आणि टीगनला.)

सडकेवरच्या माझ्या माणसांनो,

तुम्ही दूरदूरहून आला आहात. बाहेर पिकअपची रांग लागली आहे आणि सगळ्यांच्या मनात तोच राग आहे, की आपली सडक आपल्याला विचारल्याशिवाय दुसरे कुणी मोजणार. तो राग माझाही आहे, अजून आहे. आज कुणाला वाटत असेल की क्लेम ट्रेंबाथ एका अपघाताने बदलला, तर त्याने खुशाल परत जावं. मी आजही म्हणतो, ह्या सडकेवर चाकामागे बसलेल्या माणसाइतकं शहाणं कुणी नाही. त्या शहाणपणाच्या बाजूने मी डार्विनच्या कुठल्याही खोलीत उभा राहीन.

पण ते शहाणपण कशावर चालतं? आपण सांगतो त्यावर. जिच्याकडे आपल्या गावाचा नकाशा नाही, जिला इथले बैल, सावल्या, वारा काही ठाऊक नाही, ती बाई पंपावर थांबून एकच विचारते, "किती लांब?" आपण म्हणतो, "आलंच." मग ती आपली सगळी अक्कल वापरते, अगदी नीट वापरते, आणि ती अक्कलच तिला बरोबर बैलासमोर नेऊन उभी करते. सरकारचा आकडा आपल्याला नको, ठीक. मग आपला आकडा तरी खरा असू द्या! ज्या मुलुखातल्या माणसांना स्वतःचा तास सांगता येत नाही, तिथे पाटीवर दुसऱ्याचा आकडा येतो. येणारच. मी डार्विनचा मंत्री असतो तर मीही लावला असता.

शिक्षक मागत आपण वर्षभर ओरडलो. शिक्षिका मिळाली, दुपारी तीनला अ‍ॅलिसहून निघाली, आणि आपल्या गमतीने तिला चाळीस किलोमीटर अलीकडे पाडलं. चौदा मुलं सोमवारी पुन्हा घरी बसणार आहेत. त्या दिवशी सडकेवर कुणाचाही वेग कुणी तपासला नव्हता. तपासायला हवी होती ती आपली जीभ.

मला भाषण करू नको असं सांगितलं आहे, म्हणून इथे थांबतो. सह्यांचा कागद आज फिरणार नाही, वर्गणी गोळा होणार नाही. काम एकच आहे. ह्या खोलीतल्या प्रत्येकाने उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, अ‍ॅलिसहून इथे यायला आपल्याला खरोखर किती तास लागतात ते सांगायचं, आणि उद्यापासून जो कुणी विचारेल त्याला तेच सांगायचं. हसणाऱ्याला बिअर मिळणार नाही, डॉट दारात उभी आहे.

मला पाच लागतात. वारा तोंडावर असेल तर साडेपाच.

व्हिन्स, आता तू. ऊठ.